गृहकर्जाचे हप्ते थकू लागले, तर घर वाचवण्यासाठी काय करावे

काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका कुटुंबाकडे गेलो होतो. त्यांनी देव्हाऱ्याखालच्या खणातून बँकेची तीन पाकिटे काढून माझ्यापुढे ठेवली. तिन्ही रजिस्टर पोस्टाने आलेली आणि तिन्ही न फोडलेली. पहिल्या दोन पत्रांत थकीत हप्त्यांची आठवण करून दिली होती. तिसऱ्यात सरफेसी कायद्याच्या, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी बँकेला तारण घर विकू देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) खालची मागणी नोटीस होती आणि तिच्यातल्या ६० दिवसांपैकी ४१ दिवस त्या खणातच संपले होते. घरात बेजबाबदार असे कोणी नव्हते. कारखाना बंद पडून पगार थांबला होता, आणि पाकीट फोडले की संकट खरे होईल अशी एक भीती सगळ्यांच्या मनात बसली होती. गृहकर्ज थकलेल्या बऱ्याच घरांत मी हेच पाहिले आहे. पैसा तर कमी पडतोच, पण त्याआधी मुदती हातच्या निसटतात. कर्जदाराला कायदा बऱ्याच सवलती देतो, मात्र प्रत्येक सवलतीला तारीख असते. म्हणून पुढची माहिती त्या तारखांच्या क्रमाने मांडली आहे.

हप्ता पेलेनासा का होतो

अमेरिकेतील सबप्राइम कर्जांच्या पडझडीबद्दल आपण सर्वांनी ऐकले आहे. ज्यांची पतनोंद कमकुवत होती, त्यांना चढ्या दराने दिलेली ही गृहकर्जे होती. त्यांतला एक प्रचलित प्रकार असा की, तीस वर्षांच्या कर्जात पहिली दोन वर्षे दर कमी आणि स्थिर असे आणि उरलेली अठ्ठावीस वर्षे तो बाजाराप्रमाणे बदले. घरांच्या किमती चढत होत्या तोवर लोक दोन वर्षांनी नवे कर्ज घेऊन जुने फेडत. २००६ नंतर किमती उतरू लागल्या, ती वाट बंद झाली आणि वाढीव हप्ता अंगावर आला. २००९ मध्ये तेथील सरकारने ‘हॅम्प’ नावाची योजना आणली. पात्र कर्जदाराचा हप्ता त्याच्या मासिक उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांपर्यंत खाली आणणे हे तिचे सूत्र होते.

आपल्याकडील कर्जवाटप त्या मानाने सावध असले, तरी बदलत्या दराचा फटका आपल्यालाही बसतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. समजा, कोणी २०२१ मध्ये ३० लाख रुपये ७ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले. त्याचा हप्ता सुमारे २३,२५९ रुपये बसतो. तोच दर ९.५ टक्के झाला, की ३० लाखांवर एका महिन्याचे नुसते व्याजच २३,७५० रुपये होते. म्हणजे मुद्दल अजून तेवढेच असेल, तर जुना हप्ता नियमित भरूनही ते कमी होण्याऐवजी वाढते. बहुतेक बँका अशा वेळी हप्ता तसाच ठेवून मुदत लांबवत गेल्या आणि कर्जदाराला ते वर्षभर कळलेही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने याला आळा घातला. मुदत वाढवताना मुद्दल फुगता कामा नये, दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत याचा पर्याय कर्जदाराला द्यावा, आणि आजवर किती व्याज व किती मुद्दल वसूल झाले, किती हप्ते उरले हे दर तिमाहीच्या विवरणपत्रात कळवावे, असे निर्देश तिने दिले.

पहिले काम: आपले खाते नेमके कुठे आहे ते पाहणे

बँकेच्या शाखेतून किंवा ॲपवरून कर्जाचा संपूर्ण खातेउतारा काढावा. आजचा व्याजदर, शिल्लक मुद्दल, उरलेले हप्ते, थकीत हप्ते आणि दंडात्मक आकार या पाच गोष्टी एका कागदावर स्वतःच्या हाताने लिहून काढाव्यात. दंडाकडे विशेष लक्ष द्यावे. २०२४ पासून बँकांना दंडात्मक व्याज लावून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. त्यांना केवळ वाजवी दंडात्मक आकार घेता येतो आणि तो मुद्दलात मिळवता येत नाही. उताऱ्यात तसे केलेले दिसले तर ती रक्कम लेखी मागून परत घेता येते.

याच वेळी कर्ज घेताना एकरकमी हप्ता भरून काढलेली विमा पॉलिसी शोधावी. ती अनेकांच्या फायलीत विसरून पडलेली असते. कर्जदार दगावला असेल, तर हप्त्यांची धावपळ करण्याआधी विम्याचा दावा दाखल करणे महत्त्वाचे आहे. काही पॉलिसींत गंभीर आजार किंवा नोकरी गेल्यावर काही हप्ते भरण्याची तरतूद असते. ती आहे की नाही हे फक्त पॉलिसीची प्रत वाचूनच समजते.

नव्वद दिवसांचा हिशेब

थकबाकीचे दिवस सर्वांत जुन्या थकीत हप्त्यापासून मोजतात. ५ जूनचा हप्ता चुकला आणि तो तसाच राहिला, तर ३ सप्टेंबरच्या दिवसअखेरीस खाते अनुत्पादित म्हणजे एनपीए ठरते. त्याआधी तीस, साठ आणि नव्वद दिवसांपर्यंतच्या टप्प्यांत बँक खात्याला धोक्याच्या वाढत्या श्रेणी देत असते आणि वसुली विभागाचे फोनही त्याच बेताने वाढतात.

येथे एक व्यावहारिक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. जून, जुलै आणि ऑगस्ट असे तीन हप्ते थकले असतील आणि हातात एकाच हप्त्याचे पैसे असतील, तरी ते ३ सप्टेंबरच्या आत भरावेत. भरलेली रक्कम जूनच्या हप्त्याला जाते, मोजणी ५ जुलैपासून सुरू होते आणि जवळपास एक महिना मिळतो. मात्र खाते एकदा एनपीए झाले की एखादा हप्ता भरून ते पूर्ववत होत नाही. सगळी थकबाकी भरावी लागते. नव्वदाव्या दिवसाआधीचा एक हप्ता आणि नंतरचा एक हप्ता यांच्या किमतीत असा मोठा फरक आहे.

आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्याची सूचना बँकेला न कळवता परस्पर बंद करू नये. खात्यात शिल्लक नसल्याने हप्ता परतला, तर दोन्हीकडचे शुल्क बसतेच, शिवाय चेक न वटल्याप्रमाणे त्यावरही फौजदारी तक्रार होऊ शकते.

आधी कोणते देणे

क्रेडिट कार्डाचे फोन सर्वांत कर्कश असतात, म्हणून लोक हातात येईल ते पैसे तिकडे भरतात आणि गृहकर्ज मागे पडते. माझ्या मते घरखर्च आणि औषधपाण्यानंतरचा पहिला मान गृहकर्जाच्या हप्त्याचा आहे, कारण राहते घर त्याच कर्जाला तारण आहे. कार्डाचे कर्ज विनातारण असते. त्याचे व्याज जबर असले, तरी कार्डाची बँक थेट दार ठोठावून घराचा ताबा घेऊ शकत नाही.

हप्ता भरण्यासाठी वैयक्तिक कर्ज काढणे, कार्डावरून रोख उचलणे किंवा सावकाराकडे जाणे हे तिन्ही मार्ग टाळावेत. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे आणि अशा सावकाराविरुद्ध सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. घरात पडून असलेले सोने किंवा मुदत ठेव मोडून हप्ता भरणे त्यापेक्षा बरे. गृहकर्ज फेडण्यासाठी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढण्याचीही सोय आहे. पण पुन्हा मिळकत सुरू होण्याची शक्यता दिसत असेल तरच म्हातारपणाच्या या पैशाला हात लावावा. दोन-तीन हप्ते भरून पुन्हा तीच वेळ येणार असेल, तर घरही जाते आणि निधीही.

बँकेला पत्र

शाखेत जाऊन साहेबांशी बोलणे चांगले, पण साहेबांची बदली होते आणि बोलणे त्यांच्याबरोबर जाते. त्यामुळे मागणी लेखीच करावी. पत्राच्या दोन प्रती काढाव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्यावी. शाखेने पोच द्यायला टाळाटाळ केली, तर तेच पत्र पोस्टाने आणि ईमेलने पाठवावे.

पत्र एका पानाचे असावे आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट याव्यात. अडचण काय व कोणत्या तारखेपासून आहे, हे कागदाच्या पुराव्यासह लिहावे. नोकरी गेल्याचे पत्र, रुग्णालयाचे बिल किंवा पगाराची चिठ्ठी चालते. आज दरमहा किती भरणे शक्य आहे, तो आकडा द्यावा. परिस्थिती कधीपर्यंत सुधारेल याचा प्रामाणिक अंदाज सांगावा. आणि बँकेकडून नेमके काय हवे आहे, ते मागावे. ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ एवढ्यावर थांबलेल्या पत्राचे कोणीच काही करू शकत नाही. ‘माझी उर्वरित मुदत ११ वर्षांवरून १६ वर्षे करून हप्ता कमी करावा’ असे लिहिलेले पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकते.

मागण्यासारख्या गोष्टी बऱ्याच आहेत. नव्या ग्राहकाला बँक आज ज्या दराने कर्ज देते, तो दर जुन्या ग्राहकालाही थोडे रूपांतर शुल्क भरून बहुधा मिळतो. कर्ज २०१९ च्या ऑक्टोबरपूर्वीचे असेल, तर ते जुन्या पद्धतीच्या दरावर अडकलेले असू शकते. ते रेपोशी जोडलेल्या दरावर नेण्याची मागणी आधी करावी. बदलत्या दराचे व्यक्तिगत गृहकर्ज दुसऱ्या बँकेकडे नेताना जुनी बँक मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेऊ शकत नाही. मात्र नवी बँक हप्ते नियमित असलेल्यालाच दारात उभे करते, म्हणून ही वाट पहिला हप्ता चुकण्याआधीची आहे. खाते नियमित असताना दर बदलामुळे मुदत वाढवून घेणे सोपे असते. आर्थिक ओढाताणीच्या कारणाने कर्जाची पुनर्रचना करून घेतली, तर खाते नियमांनुसार सहसा लगेच एनपीए वर्गात जाते आणि पतनोंदीवर त्याचा डाग राहतो. बँका पुनर्रचनेस नाखूश असतात, त्याचे खरे कारण हे आहे. तरीही घर जाण्यापेक्षा तो डाग पत्करावा, असे मी सांगेन.

कर्जात सहकर्जदार किंवा जामीन असेल, तर त्यांना या पत्राची प्रत द्यावी. नोटीस त्यांनाही जाणार असते, आणि मेहुण्याला किंवा मित्राला ती आधी पोस्टमनकडून मिळाली तर नाते कायमचे तुटते.

नोटीस आल्यानंतर

खाते एनपीए झाल्यावर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याने कोर्टात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू शकते. व्याजासह जेवढे कर्ज होते त्याच्या २० टक्क्यांहून कमी रक्कम उरली असेल, तर मात्र हा कायदा लागू होत नाही. कर्ज बरेचसे फेडत आणलेल्यांनी हे आवर्जून तपासावे.

सुरुवात कलम १३(२) च्या नोटिशीने होते आणि ६० दिवसांत पूर्ण रक्कम भरण्यास सांगितले जाते. नोटीस पोचली ती तारीख पाकिटावरच लिहून ठेवावी. या ६० दिवसांत कर्जदाराला लेखी हरकत घेता येते आणि ती मान्य नसल्यास बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचे असते. रकमेत चूक असेल, भरलेले हप्ते जमा दिसत नसतील, तर ते येथेच मांडावे. सुरुवातीला सांगितलेल्या कुटुंबाकडे १९ दिवस उरले होते. त्यांनी खातेउतारा मागवला, नावावर जमा न झालेल्या एका भरण्याची पावती जोडून हरकत नोंदवली आणि त्याच पत्रात घर स्वतः विकण्याची परवानगी मागितली. नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय तारण घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही, म्हणून ती परवानगी आवश्यक होती.

साठ दिवस संपल्यावर बँक कलम १३(४) खाली आधी सांकेतिक ताबा घेते. दारावर ताबा नोटीस चिकटवली जाते आणि सात दिवसांत ती दोन वृत्तपत्रांत छापून येते, त्यांतले एक स्थानिक भाषेतले असते. मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवरच्या बारीक अक्षरांतल्या ताबा सूचना त्या याच. सांकेतिक ताब्यानंतरही कुटुंब घरात राहू शकते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हादंडाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी यांच्याकडे कलम १४ खाली अर्ज करते आणि आदेश झाल्यावर तहसीलदार पोलीस बंदोबस्तासह येतात.

बँकेने अशी कारवाई केल्याच्या तारखेपासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे, कलम १७ खाली दाद मागता येते. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. दिवाणी न्यायालयात या कारवाईविरुद्ध दावा चालत नाही. तेथे गेलेले महिने फुकट जातात. नोटीस नीट बजावली नाही, हरकतीला उत्तर दिले नाही, मूल्यांकन जुने आहे, लिलावासाठी ३० दिवसांची सूचना दिली नाही, असे मुद्दे न्यायाधिकरणापुढे टिकतात. ‘पैसे नाहीत’ हा मुद्दा तेथे टिकत नाही, हे आधीच समजून घ्यावे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे.

सर्वांत मोठा गैरसमज लिलावाच्या दिवसाबद्दलचा आहे. हातोडा पडेपर्यंत पैसे भरून घर सोडवता येते असे लोक समजतात. पूर्वी तसा वाव होता. २०१६ च्या दुरुस्तीनंतर ही मुदत लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वीच संपते, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. नातेवाइकांकडून पैसे उभे करायचे असतील तर ते त्या जाहिरातीच्या आधी.

कर्ज नागरी सहकारी बँकेचे असले, तरी हाच कायदा लागू होतो. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तसा निर्णय दिला. पतसंस्थेची वाट निराळी आहे. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळवते. त्या अर्जाची नोटीस आल्यावर सुनावणीला हजर राहून हिशेबावर हरकत घ्यावी. कारण दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध फेरतपासणी मागायची तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते.

स्वतः विकणे आणि तडजोड

हप्ता पुढेही पेलणार नाही हे स्पष्ट असेल, तर घर स्वतः विकावे. लिलावात राखीव किंमत सावधपणे ठरते, ताब्याची कटकट नको म्हणून ग्राहक कमी येतात आणि जाहिरात, मूल्यांकन व ताब्याचा खर्च कर्जदाराच्याच नावावर पडतो. विक्रीतून उरलेली रक्कम कर्जदाराला परत मिळते, पण किंमत कमी आली तर उरलेल्या थकबाकीसाठी बँक पुन्हा मागे लागू शकते. स्वतः विकताना बँकेकडून कर्ज बंद करण्याच्या रकमेचे पत्र घ्यावे. खरेदीदाराची बँक ती रक्कम थेट आपल्या बँकेला देते, कागद सोडवले जातात आणि उरलेले पैसे आपल्याला मिळतात. त्या कुटुंबाने असेच केले. घर गेले, पण कर्ज फिटून हाती राहिलेल्या रकमेतून त्यांनी गावाकडच्या घराचे छप्पर नवे केले आणि मुलीची फी भरली.

एकरकमी तडजोडीचा, म्हणजे ओटीएसचा, प्रस्तावही देता येतो. राहत्या घराचे भक्कम तारण असताना बँक फार सूट देत नाही. दंड आणि व्याजाचा काही भाग सुटतो. मंजुरीपत्र हातात येईपर्यंत मोठी रक्कम भरू नये. पतनोंदीत असे खाते ‘सेटल्ड’ म्हणून दिसते, ‘क्लोज्ड’ म्हणून नाही, आणि पुढचे कर्ज मागताना ते आडवे येते.

त्रास देणारे आणि फसवणारे

वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करता कामा नये, शिवीगाळ, धमकी किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांत बदनामी करता कामा नये. ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र पाहिल्याशिवाय त्याला घरात घेऊ नये, आणि रोख रक्कम तर कधीच देऊ नये. त्रास झाल्यास फोनच्या नोंदी जोडून बँकेच्या तक्रार कक्षाला लिहावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते. कर्ज गृहवित्त कंपनीचे असेल तर तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते.

ताबा नोटीस छापून आली की ‘तुमचे कर्ज निम्म्यात मिटवून देतो’ असे सांगणारे फोन सुरू होतात. अमेरिकेतही सबप्राइमच्या काळात घर वाचवून देणारे असेच दलाल उगवले होते, आणि तेथे शेवटी काम होण्याआधी शुल्क घेण्यावरच २०११ मध्ये बंदी आली. आगाऊ पैसे मागणारा, हप्ते बँकेऐवजी आपल्याकडे भरायला सांगणारा किंवा कोऱ्या कागदावर सही अथवा कुलमुखत्यारपत्र मागणारा माणूस कितीही गोड बोलला, तरी त्याला दारातूनच परत पाठवावे.

कर्ज मिटल्यावर

कर्ज कोणत्याही मार्गाने फिटले, की बँकेने मूळ दस्तऐवज ३० दिवसांत परत करायचे असतात. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. दस्तऐवज घेताना मूळ यादीशी प्रत्येक कागद ताडून पाहावा. बेबाकी दाखला, म्हणजे काही देणे उरले नसल्याचे बँकेचे पत्र, घ्यावा, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर बँकेचा बोजा चढलेला असेल तर तो कमी करण्यासाठी तो दाखला जोडून अर्ज करावा आणि गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरातील नोंदही काढून घ्यावी. दोन महिन्यांनी पतअहवाल काढून खाते शून्य शिल्लक दाखवते का ते पाहावे. दाखवत नसेल तर त्याच बेबाकी दाखल्याची प्रत जोडून दुरुस्ती मागावी.